दोन बाजूंची दोन मापं

गयामावशीने पहिल्यांदा माझं माप घेतलं तेव्हा मला वाटलं, हिला काही येत नाही.

लग्न होऊन राजूरला येऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. आमचं औषधांचं दुकान गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि त्याला लागूनच तिचं शिवणाचं दुकान. मध्ये एक भिंत, तीही वरच्या बाजूला उघडी, त्यामुळे इकडचं बोललेलं तिकडे सगळं ऐकू जायचं. मी माहेरी, जालन्याला, जुना ब्लाउज मापाला देऊन मोकळी व्हायचे. गयामावशीने जुना ब्लाउज बाजूला ठेवला, पडदा ओढला, गळ्यातला टेप काढला. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत उजवीकडे मोजलं. मग तेच डावीकडे मोजलं. मधल्या रेषेपासून उजव्या काखेपर्यंत, मग डाव्या काखेपर्यंत. वहीत 'उ' आणि 'डा' असे दोन रकाने पाडले.

"मावशी, दोन्हीकडं सारखंच असेल की," मी म्हटलं.

"असंल बी. पण बघितल्याबिगर कामून म्हणायचं?"

कामून म्हणजे का, कशासाठी. आमच्याकडे सगळेच म्हणतात, पण गयामावशीइतकं कोणी म्हणत नसेल. पंचावन्नच्या पुढचं वय, काटकुळा बांधा, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. चौथीपर्यंत शिकलेली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझ्या काउंटरला येऊन टेकायची आणि गोळ्यांच्या पाकिटांवर देवनागरीत असेल ते अक्षर न् अक्षर लावून वाचायची.

एकदा तिने मला विचारलं, "वैशाली, डोकं दुखल्यावर बी हीच गोळी देती अन् गुडघा दुखल्यावर बी हीच. मंग पोटात गेल्यावर गोळीला कसं कळतं, वर जायचं का खाली?"

माझ्याकडे औषधनिर्माणाची पदविका, भिंतीवर चौकटीत लावलेली. तरी उत्तरासाठी मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, की गोळी रक्तात मिसळून सगळीकडेच जाते, जिथे दुखतं तिथे तिचा गुण कळतो. ती म्हणाली, "म्हंजे न दुखणाऱ्या जागी बी जाती. मंग तिथं काय करती?"

तिचं कापणंही असंच होतं. बाकीचे शिंपी ब्लाउजचे समोरचे दोन भाग कापताना कापडाची घडी घालतात आणि कात्री एकदाच चालवतात. काम जल्दी होतं, दोन्ही भाग बराबर एकसारखे निघतात. गयामावशी पाठीचा भाग घडीवर कापायची, समोरचे दोन मात्र सुटे, एकेक करून. वेळ दुप्पट लागायचा. त्यावरून मी तिला छेडलं की म्हणायची, "बैलजोडीत बी एक बैल अंगानं थोराड असतो. म्हणून काय त्याच्या मापाचं जोतं दुसऱ्याच्या मानंला बांधायचं?"

अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या ब्लाउजांना ती आतून दोन्ही बाजूंनी दोन दोन बोटं जास्तीचं कापड ठेवायची. या जास्तीच्या कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. "लेकरू पितं तवर बाईचं माप एका जागी थांबत न्हाई," ती सांगायची. "सकाळचं येगळं, दुपारचं येगळं. दोन्ही थानं बी एकमेकाचं ऐकत न्हाईत."

हे सगळं मी ऐकायचे आणि सोडून द्यायचे. मला तेव्हा मूल नव्हतं.

त्या दिवसांत एक बाई दुकानात आली, रेखा नावाची. माहेर राजूरचं, सासर भोकरदनच्या बाजूचं. तिने आधी दुकान रिकामं होऊ दिलं आणि मग मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यावर एका तेलाची जाहिरात होती. मालिश केली की दोन्ही बाजू सारख्या होतात म्हणे. मुलाचं दूध तोडून तिला चार महिने झाले होते आणि डावी बाजू उजवीपेक्षा लहान राहिली होती. जावेने ते पाहिलं आणि चेष्टा केली, 'नवऱ्याच्या डोळ्यांत खुपेल हे एक दिवस.' तेव्हापासून ती घरातही पदर खाली घेत नव्हती.

"दुसरं लेकरू झालं तर अंगावर पाजायचंच न्हाई," ती म्हणाली. "एकदा पाजून ही गत झाली."

ते तेल आमच्याकडे होतं. खोटं कशाला सांगू, मी मागवलेलं होतं, आणि कपाटाकडे माझा हात गेलाही होता. तेवढ्यात भिंतीपलीकडचं मशीन थांबलं.

"रेखे, इकडं ये बरं जरा."

मीही मागोमाग गेले. गयामावशीने लाकडी पेटीतून एक जुनी वही काढली, पानं उलटली, आणि बोट ठेवलं. रेखाच्या लग्नाच्या ब्लाउजांचं माप होतं ते, सहा वर्षांपूर्वीचं. तेव्हाही 'उ' च्या रकान्यात साडेनऊ आणि 'डा' च्या रकान्यात सव्वानऊ.

"हे बघ. तवा लेकरू व्हतं का तुला? नवरा तरी व्हता का?"

रेखाने वही हातात घेऊन दोनदा वाचलं. "मला कधी दिसलं न्हाई ते," ती म्हणाली.

"तू बघत नव्हतीस. जावंनं दाखवल्यावर दिसाया लागलं."

मग तिने नवीन माप घेतलं. उजवीकडे पावणेदहा, डावीकडे नऊ. फरक वाढला होता हे खरंच होतं आणि मावशीने ते लपवलं नाही. तिने विचारलं, लेकरू कोणत्या बाजूला जास्त प्यायचं? रेखाने आठवून सांगितलं, उजव्या. डाव्या हाताने भाकरी थापता येत नाही ना, मग उजवा हात मोकळा नको? असं म्हणून ती स्वतःच थांबली, कारण उजवा हात मोकळा ठेवायचा तर मूल डावीकडे हवं. दोघी बायका मग काल्पनिक बाळ हातात धरून, काल्पनिक तव्यासमोर उभ्या राहून, कोणता हात कुठे असायचा ते बघत बसल्या. शेवटी निघालं ते असं, की रेखा डावखुरी होती. भाकरी उजव्या हाताने थापायला सासरी शिकवलं होतं, पण डावा हात बाकीच्या कामाला मोकळा राहावा म्हणून मूल धरायला मात्र तिला उजवाच हात सोपा जायचा.

"विहिरीवानी असतं ते," मावशी म्हणाली. "जी उपसली तिचे झरे मोकळे राहतात. दुसरी आपली गप पडून राहती. त्यात इघडलं काय?"

रेखा संकष्टीला दर महिन्याला देवळात यायची. मावशीने तिला सांगितलं, दर्शन झालं की माझ्याकडं यायचं, माप द्यायचं. पाच महिने ती आली. फरक पाऊण इंचावरून अर्ध्या इंचावर आला आणि तिथेच थांबला. मावशीने तिला त्या मापाचा ब्लाउज शिवून दिला. तो घालून ती माझ्या दुकानातल्या आरशासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "ते तेल राहू द्या ताई." पुढे तिला मुलगी झाली. तिला तिने अंगावर पाजलं. बाजू आठवणीने बदलत होती, असं तिनेच येऊन सांगितलं.

ते तेल मी परत पाठवलं. मला वाटलं, आता या विषयातलं मला सगळं समजलं.

मग आर्वी झाली. माझी मुलगी. पहिल्या आठवड्यापासून ती उजव्या बाजूला मन लावून प्यायची आणि डावीकडे घेतली की अंग ताठ करून रडायची. दोन महिन्यांत माझी उजवी बाजू एवढी भरली की ओढणी कशीही घेतली तरी लपेना. डावी दिवसेंदिवस ओसरत गेली. मी काउंटरवर पांढरा कोट घालून बसायला लागले, उन्हाळ्यातसुद्धा. रेखाला सांगितलेलं सगळं मला पाठ होतं, पण आरशासमोर त्याचा काही उपयोग होत नव्हता.

सासूबाई वाईट नव्हत्या, पण घाबरल्या होत्या. त्यांचं म्हणणं, डाव्या बाजूचं दूध बाधलंय, खारट झालंय, म्हणून पोर तोंड लावत नाही. बाधलेलं दूध आत राहिलं तर उजव्या बाजूलाही लागेल. तेव्हा दोन्ही बंद करावं आणि पावडरचं दूध सुरू करावं. डबा तर आपल्याच दुकानात आहे. आणि मी, औषधांची पदविका असलेली, एका दुपारी तो डबा उघडून पाणी उकळायला ठेवून बसले होते.

गयामावशी आमच्या अंगणात आली ती बाळाची झबली द्यायला. दोरीवर आधीची सात-आठ झबली वाळत होती, तिनेच शिवलेली. ती त्यांच्यासमोर उभी राहिली ती हलेचना.

"वैशाली, ह्या सगळ्या झबल्यांचा डावाच खांदा पिवळा कामून?"

मी म्हटलं, लाळेचे डाग आहेत, धुऊन जात नाहीत.

"लाळंचे हायेत ते दिसून राह्यलं. डावाच कामून? उजव्या खांद्यावर एक बी डाग न्हाई."

ती आत आली. पाळण्यात आर्वी जागी होती. मावशी पाळण्याच्या एका बाजूला बसली आणि बांगड्या वाजवल्या. आर्वीने तोंड वळवून बघितलं. मग ती दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा वाजवल्या. आर्वीचे डोळे वळले, मान वळली नाही. डोळे अगदी कडेला नेऊन ती बांगड्या शोधत होती.

"अय माय," गयामावशी हळूच म्हणाली. "ही उजवीकडं वळतच न्हाई."

मी रोज त्या मुलीला न्हाऊ घालत होते, पावडर लावत होते. मला ते दिसलं नव्हतं.

मग मावशीने मला भिंतीला टेकून बसवलं. आधी उजवीकडे पाजायला लावलं. आर्वी प्यायला लागली. थोड्या वेळाने मावशी म्हणाली, "आता तिला फिरवू नको. हाय तशीच धर अन् नुसती सरकव इकडं." आम्ही दोघींनी मिळून तिला तशीच, अंग न वळवता, डावीकडे सरकवलं. तिचे पाय माझ्या डाव्या काखेखालून मागे गेले, तोंड होतं त्याच दिशेला राहिलं. आर्वीने क्षणभर शोधलं आणि डाव्या बाजूला तोंड लावलं. घटाघट प्यायली.

दारात सासूबाई उभ्या होत्या.

"अक्का," मावशी त्यांना म्हणाली, "दूध खारट असतं तर प्याली असती का? दुधात खोट न्हाई, पोरीच्या मानंत कायतरी अडकलंय. म्या शिंपीण, मला मानंतलं कळत न्हाई. जालन्याला न्या."

सासूबाई पुढे आल्या, आर्वीच्या ओठांकडे बघत राहिल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी गॅस बंद केला.

जालन्याच्या बालरोगतज्ज्ञांनी मानेच्या उजव्या बाजूचा एक स्नायू बोटांनी चाचपला आणि आम्हालाही चाचपायला लावला. जन्मापासूनच आखूड, कडक. काही बाळांना असतं, म्हणाले, वेळेवर लक्षात आलं ते चांगलं झालं. व्यायाम शिकवले, पुन्हा पुन्हा बोलावलं. पाच महिन्यांनी आर्वी दोन्हीकडे वळून बघायला लागली. मी परतीच्या बसमधून उतरले की मावशी दुकानाबाहेर येऊन विचारायची, आज डॉक्टरनं काय केलं, कुठं दाबलं, कामून दाबलं. सगळं ऐकल्याशिवाय घरी जाऊ द्यायची नाही.

त्याच दिवसांत एकदा पडद्याआड माझं माप घेताना तिने स्वतःचं सांगितलं, टेपवरची नजर न काढता.

"माझा थोरला बी एकाच बाजूला प्यायचा. सासू म्हणली, दुसऱ्या बाजूचं दूध नासलं. फडक्यानं आवळून बांधली. आठ दिवस ताप व्हता मला. मंग ती बाजू सुकूनच गेली. आजवर लहानच हाय. म्या माझा ब्लाउज शिवाया बसले तवा समजलं, घडीवर कापून चालत न्हाई. तिथून हे येगळं कापणं."

"आणि थोरल्याची मान?" मी विचारलं.

तिने टेप गुंडाळला. "त्येच तर. म्या तवा बघितलंच न्हाई. आता त्यो चाळीसाचा झाला. बोलताना अजून डोकं जरा कलतं ठेवतो. त्याच्यामुळं का सवयीनं, कोण सांगंल?"

आर्वी दीड वर्षाची झाल्यावर मी तिचं दूध सोडवलं. दोन्ही बाजू ओसरल्या, पण आपापल्या चालीने. उजवी आधी भराभर, मग थांबली. डावी सावकाश. मावशी दर दोन महिन्यांनी मोजायची आणि मला आकडा सांगण्याआधी ओळखायला लावायची. माझा अंदाज नेहमी जास्त निघायचा. मला अंगठ्याएवढा फरक वाटायचा, टेपवर करंगळीएवढाही भरायचा नाही. वर्षभराने जो काही राहायचा तो राहिला, आणि मी पांढरा कोट घडी करून ठेवून दिला.

निर्मलाताईंचं मात्र वेगळं झालं. देवळापलीकडे राहणाऱ्या, मुलगी कॉलेजात शिकणारी, वय पंचेचाळीसच्या आसपास. दिवाळीला शिवलेला ब्लाउज एका बाजूने आवळतोय, सैल करून दे, एवढंच त्यांचं काम होतं. गयामावशीने वही काढली. वर्षापूर्वी दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. आता डावी इंचभर जास्त. तिने त्यांना हात वर करायला सांगितलं. कातडी एका जागी आत ओढली जात होती, दोरा जास्त ताणला की शिवण चुणते तशी.

मावशीने ब्लाउज ठेवून घेतला. निर्मलाताई बाहेर पडल्यावर ती माझ्या काउंटरला आली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"लेकरू पाजून राह्यली न्हाई. लेकरू कॉलेजात हाय. मंग एकच बाजू कामून वाढली? अन् आत कोण वढून राह्यलंय?"

यावेळी मला पुस्तक उघडायची गरज पडली नाही. आम्ही दोघी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. निर्मलाताई भडकल्या. "ब्लाउज सैल करायला दिला होता, तपासायला न्हाई," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ब्लाउज परत घेऊन गेल्या. मावशी तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली, चौथ्या दिवशीही. दारातच उभं राहून तीच गोष्ट सांगायची, "एकदा दाखवून या. काही न निघालं तर माझं दुकान सोडा, माझ्याशी बोलू बी नका." शेवटी त्यांची मुलगीच त्यांना छत्रपती संभाजीनगरला घेऊन गेली. गाठ निघाली. ती लवकर कळली, असं डॉक्टर म्हणाले, पण डावी बाजू काढावी लागली.

तीन-चार महिन्यांनी निर्मलाताई स्वतः मावशीच्या दुकानात आल्या. डोक्यावर बारीक केस, हातात नवं कापड. पडदा ओढला गेला. मग मावशी म्हणाली, "असं म्या कधी कापलं न्हाई. येळ लागंल."

महिनाभर ती त्याच्याच मागे होती. ब्लाउजला आतून खिसा शिवायचा हे लगेच ठरलं, पण त्यात घालायचं काय? कापूस घातला तर हलका, हात उचलला की ब्लाउज वर सरकायचा. बाजरी टोचायची. राळे बरे, पण घामाने दमट व्हायचे. मोहरीचा आवाज यायचा. प्रत्येक पुरचुंडी ती आधी स्वतःच्या अंगाशी, तिच्या त्या लहान बाजूला, लावून दिवसभर वावरायची, मशीन चालवायची, पाणी भरायची, आणि संध्याकाळी येऊन मला सांगायची काय जमलं, काय नाही. शेवटी जवस सापडलं. गुळगुळीत, वजनाला बेताचं, चालताना आपोआप आकार घेणारं. भाचीच्या लग्नात निर्मलाताई हिरव्या साडीत पंगतीला वाढत फिरत होत्या. कोणाला सांगितल्याशिवाय काही कळलं नसतं. त्यांनीच चार बायकांना सांगितलं.

निर्मलाताई तपासणीला जायच्या त्या संभाजीनगरच्या दवाखान्यातल्या बायकांचे निरोप यायला लागले. गयामावशीची मुलगी संभाजीनगरलाच असते. मावशीने ठरवलं, महिनाभर तिच्याकडे राहायचं आणि बायकांची मापं प्रत्यक्ष घ्यायची. "ऐकीव मापावर शिवता येत न्हाई," म्हणाली.

निघायच्या सकाळी ती माझ्याकडे आली. जवसाला पावसाळ्यात ओल लागेल, पोरकिडे होतील, त्याला तुझ्याकडं काही औषध आहे का? मी गोळ्यांच्या रिकाम्या डब्या उलट्या करून त्यांतल्या ओल शोषणाऱ्या बारीक पुड्या काढल्या, एक पिशवीभर, आणि बसस्टँडवर घेऊन गेले. ती खिडकीजवळ बसली होती, मांडीवर कापडाचं गाठोडं. पिशवी तिने खिडकीतून घेतली आणि लगेच एक पुडी काढून डोळ्यांजवळ नेली. त्यावरची अक्षरं इंग्रजी होती.

"काय लिव्हलंय?"

"खाऊ नये, असं लिहिलंय."

"आत काय हाय पण?"

"खडे असतात मावशी, बारीक. ओल ओढून घेतात."

"दगड पाणी पितो म्हंजे?" ती म्हणाली, आणि तेवढ्यात बस निघाली. ती महिन्यासाठी गेली ती तिकडेच राहिली. सामान न्यायला एकदा येऊन गेली, तेव्हा मी जालन्याला होते. फोन येतो, पण प्रत्यक्ष पाहिली ती त्या सकाळीच शेवटची. बस वळेपर्यंत मला ती खिडकीत दिसत होती. पुडी कानाशी धरून हळूहळू हलवत होती, आणि डोळे मिटून ऐकत होती.